अडॅप्टर फक्त आकार बदलतो, हे तुम्ही सांगायला हवं: उपकरणं, प्लग आणि अडॅप्टर बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
घरगुती विद्युत उपकरणं, प्लग, सॉकेट आणि अडॅप्टर बनवणारे सर्व उत्पादक

सप्रेम नमस्कार.

घरगुती उपकरणं दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे. माझ्या टेबलावर येणाऱ्या वस्तूंपैकी काही अशा असतात की त्यांच्यात मुळात काहीच बिघाड नव्हता. यंत्र चांगलं होतं, घरातलं वायरिंग ठीक होतं, वापरणारा माणूसही काळजी घेणारा होता. तरीही कॉइल जळाली, मोटर बसली किंवा बॉडीला करंट यायला लागला. खोदून विचारलं की कळतं, यंत्र आणि भिंतीवरचं सॉकेट यांच्यामध्ये एक छोटासा अडॅप्टर होता. तो काय करतो आणि काय करत नाही, हे त्याच्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. अनेकदा तर तो तुम्हीच उपकरणाच्या खोक्यात टाकून दिलेला होता.

म्हणून हे पत्र तुम्हाला. ग्राहकांनी जपून वागावं, असं सांगणाऱ्या सूचना पुष्कळ आहेत. पण ज्या गोष्टीची माहिती वस्तूवरच नाही, ती ग्राहकाने ओळखायची कशी?

माझं म्हणणं एवढंच आहे. एखादा प्लग एखाद्या सॉकेटमध्ये बसत नाही, तेव्हा तो काहीतरी सांगत असतो: इथला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, माझ्यासाठी नाही, इथे अर्थिंग नाही, हे सॉकेट माझा लोड पेलणार नाही. अडॅप्टर आला की हे सांगणं थांबतं आणि प्लग निमूटपणे आत जातो. मग जे प्लग सांगत होता, ते सांगण्याची जबाबदारी अडॅप्टर बनवणाऱ्याची आणि तो पुरवणाऱ्याची होते. ती तुम्ही आज घेत नाही आहात.

प्लगचे आकार म्हणजे देशोदेशींचा हट्ट, असं सर्रास मानलं जातं. थोडा हट्ट त्यात आहेच. घरात वीज पहिल्यांदा आली ती दिव्यांसाठी. दुसरं काही चालवायचं तर दिव्याच्या होल्डरमध्येच काहीतरी फिरवून बसवावं लागे. अमेरिकेत हार्वे हबेल यांनी १९०४ साली सुट्या होणाऱ्या प्लगचं पेटंट घेतलं, तेव्हा त्या प्लगचा दुसरा भागही दिव्याच्या होल्डरमध्येच बसत होता. पुढे प्रत्येक देशाने आपापली पद्धत घडवली आणि एकदा लाखो भिंतींत सॉकेट बसली की ती बदलणं कुणालाच परवडत नाही. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग, म्हणजे आयईसी, १९०६ पासून काम करतो आहे. त्याने सगळ्या जगासाठी एक प्लग सुचवणारं मानक १९८६ मध्ये प्रसिद्ध केलं. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांनी त्यावर आधारित प्लग घेतले, बाकी जग आपल्या जागी राहिलं. आयईसीच्या यादीत आज ए पासून ओ पर्यंत पंधरा अक्षरांचे पंधरा प्रकार आहेत. त्यामुळे एक दिवस सगळीकडे एकच प्लग येईल आणि अडॅप्टरचा प्रश्नच उरणार नाही, या आशेवर थांबण्यात अर्थ नाही.

पण हट्टाच्या पलीकडे या आकारांमध्ये पुष्कळ विचारही आहे. भारतात वापरल्या जाणाऱ्या गोल पिनांच्या थ्री-पिन प्लगमध्ये अर्थची पिन जाड आणि लांब असते. जाड असल्यामुळे ती फेजच्या भोकात जाऊच शकत नाही. लांब असल्यामुळे प्लग आत जाताना अर्थ सगळ्यांत आधी जोडली जाते आणि प्लग काढताना सगळ्यांत शेवटी सुटते. सहा अँपिअरच्या प्लगपेक्षा सोळा अँपिअरचा प्लग मोठा असतो, कारण गीझरचा प्लग दिव्याच्या पॉइंटमध्ये जाता कामा नये. ब्रिटनच्या चौकोनी पिनांच्या प्लगमध्ये अर्थची लांब पिन आत जाताना सॉकेटमधलं शटर उघडते, तोवर फेज आणि न्यूट्रलची भोकं झाकलेली राहतात. ज्या उपकरणाला अर्थिंगची गरजच नाही, त्याच्याही ब्रिटिश प्लगवर प्लॅस्टिकची का होईना, अर्थ पिन ठेवतात. ती फक्त शटर उघडण्यासाठी. अमेरिकी प्लगमध्ये न्यूट्रलची पट्टी रुंद असते, म्हणजे प्लग उलटा बसत नाही. २४० व्होल्टवर चालणाऱ्या यंत्राच्या प्लगच्या पट्ट्या तिथे आडव्या असतात, म्हणजे तो १२० व्होल्टच्या सॉकेटमध्ये शिरतच नाही. हे सगळं तुमच्याच क्षेत्रातल्या माणसांनी, अपघात पाहून, विचार करून ठरवलेलं आहे. अडॅप्टर हे सगळं एका फटक्यात रद्द करतो.

सगळ्यांत मोठा गैरसमज व्होल्टेजचा. साधा अडॅप्टर म्हणजे एका बाजूला भोकं, दुसऱ्या बाजूला पिना आणि मध्ये धातूच्या पट्ट्या. त्याच्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, सर्किट नसतं. भिंतीतून जे व्होल्टेज येतं, तेच पलीकडे जातं. जपानमध्ये ते १०० व्होल्ट आहे, अमेरिकेत १२०, भारतात आणि युरोपात २३०. हे माहीत असलेला माणूस चुकत नाही, पण माहीत नसलेल्याला तुमची छपाईच फसवते. अडॅप्टरवर ‘११० ते २५० व्होल्ट’ असं छापलेलं मी वारंवार पाहतो. तुमच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच, की हे प्लॅस्टिक आणि या पट्ट्या इतका दाब सहन करतील. वाचणाऱ्याला मात्र वाटतं, हा ११० चं २५० करतो किंवा २५० चं ११०. तसं वाटणं अगदी साहजिक आहे आणि ते तुम्हालाही माहीत आहे.

याची किंमत काय होते, ते एका उदाहरणाने सांगतो. १२० व्होल्टसाठी बनवलेला, १५०० वॉटचा हेअर ड्रायर घ्या. त्याच्या कॉइलचा रोध साधारण ९.६ ओहम. १२० व्होल्टवर त्यातून साडेबारा अँपिअर करंट जातो. हाच ड्रायर अडॅप्टर लावून २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातला, तर करंट होतो जवळजवळ २४ अँपिअर आणि शक्ती सुमारे ५,५०० वॉट. व्होल्टेज दुपटीहून थोडं कमी वाढलं, पण शक्ती साडेतीन पटींहून जास्त वाढली, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कॉइल काही क्षणांत तुटली तर नशीब समजायचं. नाही तुटली तर आधी प्लॅस्टिक वितळतं. उलट दिशेने गेलं तर धोका कमी असतो, पण मनस्ताप होतोच. २३० व्होल्टची २००० वॉटची किटली १२० व्होल्टवर लावली की जेमतेम ५४५ वॉट मिळतात आणि माणूस किटली बिघडली म्हणून माझ्याकडे घेऊन येतो.

आकारावरून व्होल्टेज ओळखावं, तर तेही पक्कं नाही. जपान आणि अमेरिकेतली चपट्या पट्ट्यांची सॉकेट सारखी दिसतात, व्होल्टेज वेगळं. ब्राझीलमध्ये तर एकाच आकाराच्या सॉकेटमध्ये काही भागांत १२७ व्होल्ट असतं आणि काही भागांत २२०. म्हणजे अडॅप्टर न लावताही प्लग नीट बसेल आणि यंत्र जळेल. अशा ठिकाणी शेवटचा आधार उपकरणावरच्या लेबलचा.

तो आधार तुम्ही कसा देता? यंत्राच्या तळाला, काळ्या प्लॅस्टिकवर काळ्याच उठावाच्या अक्षरांत. टीव्हीच्या मागे, जिथे भिंतीला टेकल्यावर कुणाची नजर पोचत नाही. वॉशिंग मशीनच्या पाठीला. त्या लेबलवर जे असतं ते खरं तर सोपं आहे. ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं असेल तर ते उपकरण जगात जवळपास कुठेही चालतं आणि तिथे साधा आकार बदलणारा अडॅप्टर पुरतो. फोनचे आणि लॅपटॉपचे बहुतेक चार्जर असेच असतात. नुसतं ‘२३० व्होल्ट’ किंवा नुसतं ‘१२० व्होल्ट’ असेल, तर दुसऱ्या व्होल्टेजवर अडॅप्टर पुरत नाही, ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तोही उपकरणाच्या वॉटपेक्षा जास्त क्षमतेचा. प्रवासासाठी म्हणून विकले जाणारे हलके कन्व्हर्टर फक्त साध्या तापणाऱ्या कॉइलसाठी असतात. त्यांना इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेली वस्तू लावली की ती जाते. ही चार वाक्यं ज्याला समजली, त्याचं नुकसान सहसा होत नाही. ती माहितीपुस्तिकेच्या आतल्या पानावर नकोत. प्लगवर हवीत, कारण प्लग हातात घेतल्याशिवाय कुणी लावत नाही.

काही जुन्या संगणकांच्या पॉवर सप्लायवर मागे एक छोटा लाल सरकता स्विच असतो, ११५ आणि २३० असा. तो ११५ वर ठेवून २३० च्या सॉकेटला लावला की धडाम आवाज होतो आणि आतले कपॅसिटर फुटतात. आता बहुतेक सप्लाय आपोआप जुळवून घेतात, ही तुम्ही केलेली खरी सुधारणा आहे. जिथे हा स्विच अजून ठेवता, तिथे तो नखाने सरकेल असा तरी ठेवू नका.

फ्रिक्वेन्सीबद्दल, म्हणजे वीज सेकंदाला किती आवर्तनं घेते त्याबद्दल, फार लांबवत नाही. बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंना ५० आणि ६० हर्ट्झमधला फरक जाणवत नाही. पण विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारं ६० हर्ट्झचं घड्याळ ५० हर्ट्झवर तासाला दहा मिनिटं मागे पडतं आणि ते ट्रान्सफॉर्मर लावूनही सुधारत नाही, कारण ट्रान्सफॉर्मर फ्रिक्वेन्सी बदलत नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेली मोटर किंवा जड ट्रान्सफॉर्मर असलेला मायक्रोवेव्ह ५० हर्ट्झवर नेहमीपेक्षा जास्त तापतो. जपानमध्ये तर एकाच देशात पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ आहे.

आता अर्थिंग. हे पत्र लिहायला बसलो ते मुख्यतः यासाठी.

धातूची बॉडी असलेल्या यंत्रात फेजची वायर आत कुठेतरी सुटून बॉडीला टेकली, तर अर्थच्या वायरमधून मोठा करंट वाहतो आणि एमसीबी पडतो किंवा फ्यूज जातो. माणसाने हात लावायच्या आधीच वीज तुटलेली असते. अर्थ जोडलेलीच नसेल तर काहीच पडत नाही. यंत्र चालू राहतं, दिसायला सगळं ठीक असतं आणि बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट उभे असतात. पुढचा माणूस हात लावतो तेव्हा तो स्वतः अर्थची वायर होतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच, बसवलेला असेल तर तो पडेल आणि बहुधा माणूस वाचेल, पण तो पडतो माणसाच्या अंगातून करंट गेल्यानंतर. आरसीसीबी नसेल तर नुसत्या एमसीबीचा इथे काही उपयोग नाही. १६ अँपिअरचा एमसीबी ज्या करंटला पडतो, तो ३० मिलिअँपिअरच्या पाचशे पटींहून जास्त आहे. एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो.

एवढं सगळं त्या एका पिनेवर अवलंबून आहे. आणि तुम्ही असे अडॅप्टर बनवता, ज्यांच्या तोंडाला तीन भोकं आहेत आणि शेपटाला दोनच पिना.

यातला एक अडॅप्टर मी उघडला, त्याचं वर्णन करतो. प्लॅस्टिकचे दोन अर्ध एका स्क्रूवर धरलेले. आत फेज आणि न्यूट्रलच्या दोन पातळ पट्ट्या. पितळी रंगाच्या, पण चुंबक टेकवलं तर चिकटलं, म्हणजे वरून मुलामा आणि आत लोखंड. तिसरं, अर्थचं भोक वरून अगदी व्यवस्थित, गोल, मापाला बरोबर. त्याच्या खाली काहीच नाही. पट्टी नाही, स्प्रिंग नाही, नुसती प्लॅस्टिकची पोकळी. थ्री-पिन प्लगची अर्थ पिन त्या पोकळीत जाऊन नुसती उभी राहते. बाहेरून पाहणाऱ्याला ते कळण्याचा कोणताही मार्ग नाही. ते भोक मुद्दाम त्या मापाचं केलेलं आहे. ज्याने साचा बनवला, त्याला नेमकं माहीत होतं तिथे काय जाणार आहे.

याला स्वस्तातली वस्तू म्हणून माफ करता येत नाही. दोन भोकांचा अडॅप्टर बनवला असता, तर थ्री-पिन प्लग त्यात गेला नसता आणि माणसाला कळलं असतं की इथे काहीतरी कमी आहे.

हाच प्रकार जरा सभ्यपणे युरोपीय प्लगच्या बाबतीत होतो. जर्मनी आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शुको प्लगला अर्थची पिन नसते. त्याची अर्थ प्लगच्या दोन्ही कडांवर असते आणि सॉकेटच्या खोबणीतल्या क्लिपा तिला स्पर्श करतात. फ्रान्समध्ये अर्थची पिन सॉकेटमधून बाहेर आलेली असते आणि प्लगला तिच्यासाठी भोक असतं. दोन्हीकडे चालणारा प्लगही आहे आणि तो उत्तम आहे. पण हाच प्लग कुठल्याही सपाट तोंडाच्या ‘युनिव्हर्सल’ अडॅप्टरमध्ये घातला की त्याच्या दोन गोल पिना आत जातात आणि कडेच्या अर्थला स्पर्श करायला तिथे काहीच नसतं. कॉफी मशीन, इस्त्री, ओव्हन, सगळं चालू होतं, अर्थिंगशिवाय. शुको प्लग भारतातल्या सहा अँपिअरच्या गोल भोकांतही जवळजवळ बसतो: त्याच्या पिना ४.८ मिलिमीटरच्या, भोकं ५.१ च्या पिनांसाठी. युरोपातल्या छोट्या टू-पिनच्या तर ४ मिलिमीटरच्या. त्या सॉकेटमध्ये शटर असलं तर लोक अर्थच्या भोकात पेन खुपसून ते उघडतात आणि पिना आत सारतात. हे करणाऱ्यांना रागावण्याआधी विचारा, त्या उपकरणाच्या खोक्यात योग्य वायर का नव्हती?

सगळ्याच वस्तूंना अर्थिंग लागतं असं नाही. दुहेरी इन्सुलेशन असलेल्या वस्तूंवर चौकोनात चौकोन अशी खूण असते आणि त्यांना दोन पिना पुरतात. ही खूण सामान्य माणसाला ओळखता आली, तर त्याची अर्धी भीती जाईल आणि उरलेली योग्य जागी राहील. पण ती खूण तुम्ही तांदळाच्या दाण्याएवढी छापता.

पुष्कळ लोक मला विचारतात, लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवलं की मुंग्या का येतात? चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून अगदी थोडा करंट बॉडीकडे येत असतो. अर्थ जोडलेली असेल तर तो तिकडून निघून जातो, नसेल तर बोटाला कळतो. बहुतेक वेळा तो धोकादायक नसतो. पण थ्री-पिन चार्जर असूनही मुंग्या येत असतील, तर मधल्या अडॅप्टरमध्ये किंवा भिंतीतल्या पॉइंटमध्ये अर्थिंग नाही, असं समजून आधी ते तपासावं. हेही तुम्ही कुठे लिहीत नाही. ग्राहक सेवेला फोन केला की ‘हे नॉर्मल आहे’ असं उत्तर मिळतं.

शुको प्लग दोन्ही बाजूंनी उलटसुलट बसतो, म्हणून त्या देशांतली उपकरणं फेज कुठल्याही बाजूला आला तरी चालतील अशी बनवतात. जी उपकरणं फेज ठरलेल्या बाजूलाच येईल असं गृहीत धरून एकाच वायरवर स्विच देतात, ती अडॅप्टरमधून उलटी जोडली गेली की स्विच बंद केल्यावरही आत फेज राहतो. दुरुस्तीला आलेल्या वस्तूला हात लावण्यापूर्वी मी स्विचवर विश्वास ठेवत नाही, प्लगच काढतो.

तिसरी गोष्ट लोडची. अडॅप्टरवर ‘१० अँपिअर २५० व्होल्ट’ असतं. दहा गुणिले अडीचशे, म्हणजे २,५०० वॉट, असा हिशोब माणूस करतो. १२० व्होल्टच्या ठिकाणी त्याच अडॅप्टरवर १,२०० वॉटच्या वर जाता येत नाही, हे त्याला कोण सांगणार? आणि हे दहा अँपिअरसुद्धा पट्ट्या नव्या आणि घट्ट असेपर्यंतच. लूज कॉन्टॅक्टची जागा छोटी असते, पण सगळी उष्णता तिथेच तयार होते. कॉन्टॅक्टचा रोध ओहमचा एक दशांश जरी झाला, तरी १६ अँपिअरला तिथे सुमारे २५ वॉट उष्णता निघते. तेवढ्यात माझी सोल्डरिंग आयर्न चालते, ज्याने मी शिसं वितळवतो. एका प्लॅस्टिकच्या डबीच्या पोटात, पडद्यामागे, तासन्तास सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखंच ते आहे. तापल्यामुळे पट्टीतला ताण जातो, ताण गेला की कॉन्टॅक्ट आणखी सैल होतो आणि आणखी तापतो. माझ्याकडे आलेल्या अडॅप्टरमध्ये फेजच्या पट्टीचा जबडा निळसर काळा पडून उघडलेला असतो आणि भोवतीचं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन ठिसूळ झालेलं असतं. एमसीबीला यातलं काहीच कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

अडॅप्टरमध्ये अडॅप्टर, त्यात मल्टीप्लग, त्यात एक्स्टेंशन, अशी माळ लावली की प्रत्येक सांध्याला हा धोका वाढतो. शिवाय वजनाने सगळं खाली झुकतं आणि पिना सॉकेटमधून तिरप्या बाहेर येतात. जड चौकोनी ट्रॅव्हल अडॅप्टरला तर माळेचीही गरज नसते, तो स्वतःच्याच वजनाने लोंबतो. पिनांची पकड किती वजन पेलेल, याचा विचार न करता त्याच्या पोटात चार-चार यूएसबी पोर्ट का भरता?

ब्रिटनमध्ये याची आणखी एक बाजू आहे. तिथल्या प्लगमध्येच ३ किंवा १३ अँपिअरचा फ्यूज असतो, कारण भिंतीतलं रिंग सर्किट, म्हणजे अनेक सॉकेट जोडणारी वायरची कडी, ३२ अँपिअरपर्यंत वाहू शकतं. बाहेरच्या देशातली पातळ वायर फ्यूज नसलेल्या अडॅप्टरमधून त्या सॉकेटला जोडली, तर तिच्या रक्षणासाठी ३२ अँपिअरच्या ब्रेकरशिवाय काहीच उरत नाही. पाऊण चौरस मिलिमीटरची वायर साधारण सहा अँपिअरची. आतमध्ये शॉर्ट पूर्ण झाला तर ब्रेकर पडेल, पण अर्धवट बिघाडात वायर तापत राहील. ब्रिटिश पिनांचा आणि फ्यूज नसलेला अडॅप्टर विकणं म्हणजे त्या पद्धतीतलं मुख्य संरक्षण काढून घेऊन बाकीचा सांगाडा विकणं आहे.

डीसी अडॅप्टरचं, म्हणजे भिंतीतल्या विजेचे कमी व्होल्ट करून देणाऱ्या चार्जरसारख्या डबीचं, दुखणं वेगळं, पण मूळ तेच. राउटर, कॅमेरा, वाद्यांची उपकरणं, दिव्यांच्या माळा, सगळ्यांच्या मागे तीच साडेपाच मिलिमीटरची गोल पिन. आतलं भोक कधी २.१ मिलिमीटर, कधी २.५. त्यातून येणारे व्होल्ट ५, ९, १२, १९, २४, काहीही. बहुतेकांमध्ये मधला भाग पॉझिटिव्ह असतो, पण गिटारच्या इफेक्ट पेडलमध्ये सहसा निगेटिव्ह. एका घरात असे चार अडॅप्टर एका खणात पडले की कुठला कशाचा, हे ओळखायला भिंग लागतं. इथे आकाराने सांगण्याचं काम तुम्ही सुरुवातीपासूनच केलं नाही. निदान पिनेच्या मानेवर व्होल्ट आणि मधला ध्रुव छापा, आणि उपकरणाच्या पोर्टशेजारीही तेच छापा.

हे जमण्यासारखं आहे, याचा पुरावा तुमच्याच हातात आहे. यूएसबी-सी केबल आधी पाच व्होल्ट देते. उपकरणाने मागितलं आणि चार्जरने होकार दिला, तरच पुढे ९, १५ किंवा २० व्होल्ट येतात. विचारून मग देणारा प्लग तुम्ही बनवून दाखवला आहे. तोही फोनसाठी सगळ्यांनी वापरावा म्हणून युरोपीय संघाला कायदा करावा लागला, जो २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. प्रत्येक वेळी कायद्याची वाट पाहावी, असं मला वाटत नाही.

तर मला तुमच्याकडून हवं आहे ते असं. आकार बदलणाऱ्या प्रत्येक अडॅप्टरवर, ‘व्होल्टेज बदलत नाही’ हे शब्द, बोटाला लागतील अशा उठावाच्या अक्षरांत आणि वापरणाऱ्यांच्या भाषेत. त्याच्या शेजारी जास्तीत जास्त अँपिअर आणि अर्थ आहे की नाही. ज्यात अर्थ पुढे जात नाही, त्यात थ्री-पिन प्लग शिरताच कामा नये. यावर मी कुठलीही सवलत ऐकायला तयार नाही. उपकरणाच्या वायरवर, प्लगपासून हातभर अंतरात, व्होल्ट आणि वॉट लिहिलेली एक पट्टी.

आणि शक्य तिथे वायर सुटी ठेवा. संगणकाच्या मागे जी तीन पिनांची सॉकेट असते, ती आयईसी ६०३२० मानकातली सी-१४ आणि तिच्यात बसणारं वायरचं टोक सी-१३. रेडिओला आणि छोट्या चार्जरला इंग्रजी आठच्या आकड्यासारखं टोक लागतं, ते सी-७. जास्त तापणाऱ्या उपकरणांसाठी सी-१५ आहे, १६ अँपिअरसाठी सी-१९. हे सगळं तयार आहे, जगभर मिळतं. उपकरणाला असा इनलेट दिला की माणूस दुसऱ्या देशात गेल्यावर फक्त वायर बदलेल. अर्थ अखंड राहील, मध्ये एक सांधा कमी होईल आणि त्या देशाच्या मानकाचा प्लग, फ्यूजसकट, आपोआप येईल. खोक्यात अडॅप्टर टाकायला जो खर्च येतो, त्यात थोडी भर घालून योग्य वायर टाकता येते. मिक्सर, इस्त्री, टोस्टर अशा वस्तूंना तुम्ही वायर आतूनच पक्की जोडता, तिथे विकल्या जाणाऱ्या देशाचा प्लग कारखान्यातच बसवा. ब्रिटनमध्ये १९९४ च्या नियमांनी घरगुती उपकरणांवर तो आधीच बसवलेला असणं बंधनकारक केलं आणि उत्पादकांनी ते केलं.

तोपर्यंत एक काम उद्याच करता येईल. तुमच्या गोदामात खोक्यांत भरण्यासाठी जे अडॅप्टर पडले आहेत, त्यातले काही घ्या. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, म्हणजे जोड अखंड असेल तर तो आवाज करेल. एक टोक अर्थच्या पिनेला, दुसरं अर्थच्या भोकात. आवाज आला नाही, तर तो सगळा माल बाजूला काढा आणि पुरवठादाराला परत पाठवा.

कळावे,
आपला,
घरगुती उपकरणांची दुरुस्ती करणारा एक कारागीर